बाडातली चोबचिनी आणि पाठांचा काळ: कामाची नोंद

मंडळी, मामांकडच्या मोडी बाडातले, म्हणजे हस्तलिखित वहीतले, ज्वराचे आणि अतिसाराचे पाठ (औषधांच्या कृती) लिप्यंतर करून झाले. सध्या त्वचारोगांवर आहे, आणि इथे जे हाती लागलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बाडावर सन नाही, लिहिणाऱ्याचं नावही नाही. कागद हातकागद, छान घोटलेला. पण जुन्नरला आणि आपल्या कागदीपुऱ्यात असा कागद पिढ्यान्‌पिढ्या बनत राहिला, तेव्हा त्यावरून काळ ठरवणं फारच ढोबळ होतं. म्हणून मी उलट बाजूने सुरुवात केली आहे. अख्ख्या बाडाचा काळ न शोधता एकेका पाठाचा शोधायचा, तोही त्यातल्या द्रव्यांवरून.

त्यासाठी तीन खुणा धरल्या आहेत. पहिली अफू. चरक-सुश्रुतांच्या जुन्या संहितांत ती नाही, नंतरच्या शार्ङ्गधरसंहितेत मात्र ठळक आहे. दुसरी चोबचिनी. हे चीनकडचं मूळ 1535च्या सुमारास गोव्यात माहीत झालं, आणि युरोपातही लवकरच त्याचा इतका बोलबाला झाला की वेसालिअस या शरीररचनाशास्त्रज्ञाने 1546 साली त्यावर स्वतंत्र पुस्तिका छापली. तिसरी तमाखू. अकबराचा दूत असद बेग याने विजापूरहून ती बादशहाच्या दरबारात नेली ती 1604च्या आसपास, आणि पुढे पुण्याच्या आनंदाश्रमाने छापलेल्या योगरत्नाकर या वैद्यकग्रंथात ती औषधी द्रव्यांत दिसते. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी वनस्पती आणि खाद्यपदार्थांचे असेच उल्लेख वेचून इतिहासाचे कितीतरी धागे जुळवले. मी त्यांच्याच वाटेने चाललो आहे.

आता मुख्य गोष्ट. बाडात फिरंग रोगावर (आजच्या भाषेत सिफिलिस) एक पाठ आहे: चोबचिनीचं वस्त्रगाळ चूर्ण चार मासे, मधातून घ्यायचं, मीठ बंद. पुढे लहान अक्षरात लिहिलंय की मीठ सुटतच नसेल तर सैंधव चालेल. ही सवलत वाचून मी भावमिश्राचा भावप्रकाश हा वैद्यकग्रंथ उघडला. त्याने सोळाव्या शतकात फिरंगावर दिलेला चोपचिनीचा पाठ नेमका हाच आहे: चूर्ण शाणभर, मधासह, लवण वर्ज्य, आणि मीठ सोडवत नसेल त्याला सैंधव. मागध मानात, म्हणजे वैद्यकातल्या एका जुन्या मापपद्धतीत, शाण म्हणजे चार मासे. म्हणजे बाड लिहिणाऱ्याने, किंवा त्याच्या आधीच्या कुणीतरी, संस्कृत माप पुड्या बांधायच्या तराजूवर आणून ठेवलं. मधातून चूर्ण द्या, असं कुणीही सांगेल. पण पथ्यातली सूट आणि माप दोन्ही जुळतात, तेव्हा तो योगायोग राहत नाही. भावप्रकाशाच्या निघंटूत, म्हणजे औषधी द्रव्यांच्या कोशात, हीच चोबचिनी द्वीपांतरवचा या नावाने वचेच्या (वेखंडाच्या) शेजारी बसवलेली आहे, हेही सोबत पाहून ठेवा.

त्याच पानाच्या मागे अक्कलकाऱ्याचं चूर्ण आहे. शार्ङ्गधरातल्या आकारकरभादि चूर्णात अक्कलकारा, सुंठ, कंकोळ, केशर, पिंपळी, जायफळ, लवंग, चंदन ही प्रत्येकी एक कर्ष आणि अफू एक पल, म्हणजे चौपट. बाडात केशर आणि कंकोळ गळालं आहे, बाकी प्रमाण तेच. महागडी द्रव्यं आधी गळत असावीत, असा माझा अंदाज. म्हणजे एकाच पानाच्या दोन बाजूंना दोनशेहून अधिक वर्षांचं अंतर असलेले दोन पाठ नांदताहेत. म्हणूनच चोबचिनी सापडली की अख्खं बाड 1535 नंतरचं म्हणून मोकळं होता येतं, पण त्यातला प्रत्येक पाठ तेवढाच नवा ठरत नाही. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. (हे पाठ इतिहास म्हणूनच वाचा. अफूचं हे प्रमाण आज कुणीही करून पाहायचं नाही.)

मधल्या काळात गार्सिया द ओर्ताही वाचायला घेतला, मार्कहॅमच्या 1913च्या इंग्रजी भाषांतरातून. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाचा वैद्य असलेला हा पोर्तुगीज. त्याचे औषधींवरचे संवाद गोव्यात 1563 साली छापले गेले. त्यातला सतरावा संवाद कोष्ठ या औषधी मुळाचा, पण मध्येच महामारीवर, म्हणजे पटकीवर (कॉलऱ्यावर) वळतो. इथले लोक त्या रोगाला मोडशी म्हणतात, असं तो सांगतो, आणि त्यांचे उपचारही नोंदवतो: तांदळाची कांजी मिरे-जिरे घालून पाजतात, पायांना डाग देतात. वाचताना अंगावर काटा आला. आमच्या बाडात अतिसारावर पेजेत जिरं आहे, मिरे आहेत. संस्कृत ग्रंथात जे सुटतं, किंवा श्लोकात बसवताना घासून गुळगुळीत होतं, ते या परक्या माणसाने रोग्याच्या उशाशी बसून टिपलं. आपल्यापैकी बरेचजण निघंटूंपलीकडे जात नाहीत. त्यांनी निदान हा एक संवाद तरी वाचावाच.

मोडीबद्दल एवढंच की ऱ्हस्व-दीर्घावर विसंबू नका. मिरी की मिरची अशी शंका आली तर सोबतची द्रव्यं पाहा. सुंठ-पिंपळी शेजारी असेल तर मिरीच, कारण सुंठ, मिरी, पिंपळी मिळून त्रिकटू.

यापुढे भांडारकर संस्थेच्या वैद्यक हस्तलिखितांची सूची घेऊन बसणार आहे, हरदत्त शर्मांनी केलेली, 1939ची. त्यात चोबचिनीवरचे सुटे पाठ कुठे आहेत ते काढायचंय. त्यानंतर हॉर्टस मलबारिकस या मलबारच्या वनस्पतींवरच्या जुन्या लॅटिन ग्रंथातली चित्रं. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी वैद्यांचं 1675चं नागरीतलं प्रमाणपत्र त्यात छापलेलं आहे, आणि चित्रांवरची नागरी नावं आपल्याला थेट वाचता येतात.

कुणाच्या घरच्या बाडात फिरंगाचा पाठ असेल तर दोनच गोष्टी कळवा: चूर्णाचं माप किती मासे, आणि सैंधवाची सवलत आहे की नाही. त्यावरून पाठ कुठून कुठे गेला याचा तक्ता मांडता येईल.