आईला घेऊन राइस बार्जवर एक रात्र: बँकॉक ते अयुथया

आधीच सांगून टाकते, क्रूझ म्हटल्यावर स्विमिंग पूल आणि डीजे डोळ्यासमोर येत असेल तर ही ती नव्हे. पूर्वी तांदूळ वाहणारी जुनी सागवानी बोट, पोटात पोती असायची तिथे आता केबिन काढल्यात, आणि स्पीड असा की काठावरचा सायकलवाला आरामात पुढे निघून जातो. दुपारी बँकॉकला चाओ फ्राया नदीत बसायचं, रात्री कुठल्यातरी देवळाच्या धक्क्याला बोट बांधून झोपायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी अयुथया. गाडीने हेच अंतर दीड तासाचं. आई म्हणाली, "मग जास्तीचे पैसे देऊन उशिरा कशाला पोचायचं गं?" माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

तयारीत सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते अरायव्हल कार्डाने. १ मे २०२५ पासून थायलंडला पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरावं लागतं, टीडीएसी म्हणतात, आणि ते फुकट आहे. मी सर्चमध्ये सगळ्यात वर आलेल्या साइटवर दोघींची माहिती भरत बसले आणि शेवटी क्रेडिट कार्ड नंबर मागितल्यावर ट्यूब पेटली. मग सरकारी साइट शोधून पुन्हा पहिल्यापासून. त्यात राहण्याचा पत्ता विचारतात, आता बोटीला कसला पत्ता, बँकॉकच्या हॉटेलचा टाकला, कुणी काही विचारलं नाही.

दुसरं म्हणजे जेवण. बोटवाल्यांना ईमेलवर तीनदा लिहिलं होतं की आई शुद्ध शाकाहारी, तीनदा "येस मॅडम" आलं, आणि चढल्यावर कळलं की किचनपर्यंत तो निरोप गेलेलाच नाही. मी फार वैतागले. आमच्या गाइडबाईंनी सांभाळून घेतलं. त्यांना सगळे "पी" म्हणत होते, म्हणजे थोडक्यात ताई किंवा दादा, दोघांना एकच शब्द. त्या म्हणाल्या व्हेजिटेरियन म्हणू नका, "जे" म्हणा. जे म्हणजे मांस-मासे नाहीत, अंडं नाही, नाम प्ला नाही (हा मासळीचा सॉस, तो भाज्यांतसुद्धा घालतात) आणि वर कांदा-लसूणही नाही. म्हणजे आपला चातुर्मासच की! एवढा एकच शब्द पाठ करून जा. पुढच्या पंधरा मिनिटांत टोफू आला, त्यात हिरवी पानं परतलेली, आईने एक पान उचलून वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "ही तुळस आहे." होतीच ती तुळस, क्राफाव म्हणतात, आपल्या वृंदावनातलीच जात. आईने सगळी पानं ताटाच्या कडेला काढून ठेवली, टोफू खाल्ला.

जेवण रात्रीचं, दुपारचं सांगायचं राहिलं. बँकॉक मागे पडायला चांगले दोन-तीन तास लागतात, वाट अरुण (थाईत वाट म्हणजे देऊळ), मग एकामागून एक पूल, मग नॉन्थाबुरी. तिथे को क्रेट बेटावर थोडा वेळ उतरवतात. बेट म्हणजे १७२२ मध्ये नदीचा वळसा टाळायला कालवा खणला आणि मधला तुकडा सुटा झाला. मूळच्या बर्माकडच्या मोन लोकांची वस्ती, लाल मातीची भांडी, पाण्याच्या कडेला एक कललेला पांढरा स्तूप. भांडी सुंदर, पण विमानाच्या बॅगेत कोण सांभाळणार.

पाण्यात जिकडे तिकडे जलपर्णी. पुण्यात मुठेतली बघून सवय आहे, तरी इथे तिची बेटंच्या बेटं वाहत येतात आणि त्यावर बगळे उभे. थाईत तिच्या नावातच जावा आहे, १९०१ मध्ये तिथूनच आणली म्हणे शोभेसाठी! एकदा मला वाटलं लाकडाचा ओंडका चाललाय, तर ती घोरपड, माणसाएवढी लांब, निवांत पोहत.

संध्याकाळी पथुम थानीच्या बाजूला एका देवळाच्या धक्क्याला बोट लागली. आता हा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे. देवळापुढच्या नदीत मासे धरत नाहीत. काठावर ब्रेडच्या पिशव्या विकायला ठेवलेल्या, पैसे डब्यात टाकायचे. आईने पहिला तुकडा टाकला आणि पाणी उकळल्यासारखं झालं, हातभर लांब करडे मासे एकमेकांच्या पाठीवर चढून तोंडं वासतायत, पाणी आमच्या अंगावर. हॉटेलात बासा म्हणून मिळतो ना, त्याच्याच भावकीतले. आईचं माहेर महाडकडचं. "अगं हे तर वाळणकोंड," ती म्हणाली, तिथेही देवीचे मासे म्हणून कुणी हात लावत नाही. मग तिने तीन पिशव्या संपवल्या आणि मला लहानपणच्या जत्रेची अशी एक गोष्ट सांगितली जी मी पन्नाशीला आले तरी कधी ऐकली नव्हती. बोटीच्या नाळेला फुलांचे हार आणि रंगीत फिती बांधलेल्या, बोटीच्या देवीसाठी, तिथेही तिने हात जोडून घेतले.

झोप मात्र अर्धवट. केबिन म्हणजे रेल्वेच्या कूपेएवढी, आणि रात्रभर टगबोटी वाळूचे बार्ज ओढत जातात, त्यांची लाट आली की आपली बोट धक्क्यावर दाणकन आपटते. मध्ये शांत झालं की काठावरून "टोक्के, टोक्के", ही पाल ओरडते. हलकी झोप असेल तर इअरप्लग न्या. बाथरूममध्ये जेट स्प्रे होता, आई तेवढ्यावर खूश.

पहाटे एक भिख्खू एकटा छोटी होडी वल्हवत आला. स्वयंपाकीणबाई मागच्या फळीवर गुडघे टेकून बसल्या, भात पात्रात घातला. आई पायाला हात लावायला वाकली तशी पीने तिचा दंड अलगद धरला, बायकांनी स्पर्श करायचा नसतो. आई बिचकली, मग लांबूनच नमस्कार.

बांग पा-इन राजवाडा ठीक आहे, गुडघे-खांदे झाकलेले हवेत एवढं लक्षात ठेवा. पण पलीकडच्या काठावरचं वाट निवेत चुकवू नका, राजा चुलालोंगकोर्नने १८७८ मध्ये बांधलेलं बौद्ध देऊळ, दिसायला पक्कं चर्च, रंगीत काचांसकट. नदी ओलांडायला तारेवरची पेटी, ती देवळातले भिख्खूच चालवतात.

अयुथया, म्हणजे अयोध्येवरून नाव, तीन नद्यांच्या मधलं शहर, १७६७ मध्ये बर्मी फौजेने जाळलेलं. ऊन एवढं की झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धमूर्तीचं डोकं बघून आईने बास केलं. मग रस्त्यावर रोटी साय माय घेतली, म्हातारीचे केस पातळ हिरव्या पोळीत गुंडाळून खायचे. भाचरांसाठी दोन पाकिटं बांधून घेतली, पुण्यात उघडली तर केसांचा चिकट गोळा झालेला, पोरांनी चमच्याने खाल्ला.