स्टेलाचं ते वाक्य

‘काही म्हण, सगळ्या नाटकात खरं बोलतो तो एकटा स्टॅन्लीच,’ असं म्हणून ताई झोपली. मी जागीच. तिला पटकन झोप लागते, आणि उरलेलं निस्तरत बसायचं ते मी. आईच्या वेळीसुद्धा... जाऊ दे.

स्टॅन्ली खरं बोलतो? ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’मध्ये टेनेसी विल्यम्सनं तसं वाटू दिलंय खरं. त्याच्या घरी राहायला आलेली मेव्हणी ब्लांश उघड्या दिव्यावर कागदी कंदील चढवून घेते, वय चोरते, श्रीमंत मित्राचं बोलावणं आल्याचं रचून सांगते. आणि हा तिची ट्रंक उपसतो, लॉरेल गावातली तिची जुनी प्रकरणं खणून तिच्याशी लग्न करू पाहणाऱ्या मिचच्या कानावर घालतो. त्याच्या भूमिकेत मार्लन ब्रँडोला पाहताना तर वाटतं, चला, एक तरी रोखठोक माणूस आहे.

पण ब्लांशच्या वाढदिवसाचं जेवण आठवून बघ. त्याची बायको, ब्लांशची बहीण स्टेला, त्याला म्हणते की, डुकरासारखा खातोयस, हात धू आणि टेबल आवरायला ये. तेवढ्यानं तो ताटली आपटतो. लुइझियानाचा पुढारी ह्यूई लाँग, त्याचं ऐकवतो, प्रत्येक पुरुष राजा असतो, आणि या घरातला राजा मी! दोन खोल्यांचं भाड्याचं घर, वरच्या मजल्यावर घरमालकीण युनिस. याला भ्रम नाही म्हणायचं? ब्लांशच्या कंदिलानं कुणाला इजा तरी होत नाही. याचं राजेपण सांभाळायला पोकरच्या रात्री गरोदर बायकोला मार खावा लागतो.

आणि शेवटी ती बाळंतपणाला हॉस्पिटलात असताना हा तिच्या बहिणीवर बलात्कार करतो. नाटकातलं सगळ्यात मोठं खोटं त्यानंतर सुरू होतं आणि ते त्याचं आहे. स्टेला युनिसला म्हणते, ब्लांशचं खरं मानलं तर मला स्टॅन्लीबरोबर राहता येणार नाही. युनिस सांगते, मानूच नकोस. इथंच मी अडकलेय. स्टेलाला कळलेलं नाही असं मला वाटतच नाही. कळलंय, म्हणून तर ती ‘तर’ घालून बोलते. बहिणीला वेड्यांच्या इस्पितळात पाठवायचं, त्या किमतीवर घर चालवायचं. रात्रभर तिचा राग राग केला.

आता पहाट होतेय आणि तो राग टिकत नाहीये. हातात तान्हं मूल, १९४७ सालचं न्यू ऑर्लिन्स. कुठं जाणार होती?

१९५१च्या चित्रपटात सेन्सॉरच्या धाकानं शेवट बदलला. स्टेला बाळाला घेऊन, परत येणार नाही म्हणत, युनिसकडे वर जाते. मला तो शेवट फार आवडायचा. पण पोकरच्या रात्रीही ती युनिसकडेच गेली होती, आणि त्यानं खालून हाक मारल्यावर त्याच जिन्यानं उतरली होती.