उजव्या पायडलचा नट

उजव्या पायडलची बॉडी, म्हणजे पाय ठेवायचा भाग, पिशवीत होती आणि ती ज्यावर फिरते तो एक्सल सायकलीच्या क्रँकलाच, म्हणजे पायडल बसतं त्या दांड्यालाच, राहिला होता. बॉडीवरच्या पिनांना, म्हणजे बूट धरणाऱ्या काट्यांना, बुटाच्या रबराचे कण चिकटलेले होते. पोरगा स्वतः आला नव्हता, त्याच्या पोटरीला टाके पडले होते. सायकल टेम्पोत टाकून आणली ती त्याच्या वडिलांनी. त्यांना आम्ही सगळे आप्पाच म्हणतो. आप्पांचं मोटर रिवाइंडिंगचं काम आहे. शहादा तालुक्यातल्या ऊस-केळी-पपईवाल्यांच्या जळालेल्या मोटरी त्यांच्याकडे येतात. माझं सायकलचं दुकान त्याच रस्त्याला. गोष्ट श्रावणातली आहे, पण अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

पोराला माउंटन बाइकचं वेड आहे. सायकल गाडीत टाकून तोरणमाळला जायचं आणि घाटातून, जमेल तिथे डांबरी सोडून पायवाटेनं, खाली उतरायचं. त्या दिवशी तो दोन्ही पायडलवर उभा होता, क्रँक आडवे, ढुंगण सीटच्या मागे, म्हणजे उतारावर उभं राहावं तसाच. एका दगडावरून उतरताना उजवा पाय थोडा बाहेरच्या अंगाला दाबला गेला आणि पायडलसकट बाहेर आला. बॉडी एक्सलवरून सरळ निसटली. पाय खाली गेला आणि उघडा एक्सल पोटरीत शिरला.

आप्पा तावातावातच आले. बॉडी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "भो, हाई काटेरी पायडल काढी टाक. साधं रबरनं लाई दे." त्यांचा हिशोब सरळ होता. काट्यांनी बूट धरून ठेवला, म्हणून पाय सुटला नाही, म्हणून पोरगा पडला.

त्यांना लगेच उलट बोलायला मी धजलो नाही, कारण त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य होतं. पण पिना कशासाठी असतात ते आधी सांगायला हवं. माउंटन बाइकवर काही लोक बुटाच्या तळाला लोखंडी क्लीट लावून बूट पायडलमध्ये अडकवतात. आमच्याकडे सातपुड्यात उतरणारी पोरं ते टाळतात, आणि बरोबर करतात, कारण वाटेत गुरं येतात, निसरडा खडक येतो, पाय झटकन जमिनीवर टेकवावा लागतो. मग राहतं सपाट पायडल. त्यावर पायाला धरून ठेवणारं काहीच नसतं, फक्त पिना आणि बुटाचा तळ. पावसात ओल्या प्लॅस्टिकच्या पायडलवरून पाय घसरला की पायडल गर्रकन फिरून नडगीवर बसतं. माझ्या दुकानात येणाऱ्या निम्म्या पोरांच्या नडग्यांवर त्याचे व्रण आहेत. वीस-पंचवीस हजारांच्या सायकलीला कंपन्या अजूनही गुळगुळीत प्लॅस्टिकची पायडलं लावून पाठवतात, याचा मला मनापासून राग येतो. गिअर कुठला, सस्पेन्शन किती, हे मोठ्या अक्षरात छापतात. माणूस उभा कशावर राहणार ते कुणी सांगत नाही.

पिनांमध्येही फरक असतो. सगळ्यात वाईट म्हणजे बॉडीतच ओतलेले दाणे. ते झिजले की पायडल फेकायचं. त्याहून बरी ती वरून बसवलेली स्क्रूसारखी पिन, पण दगडावर आपटली की तिचं ॲलन कीचं (सहा कोनी पान्याचं) भोक चेपतं आणि मग ती निघता निघत नाही. मला आवडते ती उलट्या बाजूनं आत घातलेली आरपार पिन. टोक चेपलं, वाकलं, तरी मागून ॲलन की लावून काढता येते. पिना किती आहेत यापेक्षा कुठे आहेत ते बघा. पुढच्या आणि मागच्या काठाला उंच हव्यात, मधला भाग थोडा खोल, म्हणजे तळवा त्या खोलगटात बसतो. आणि बॉडीला मोठी भोकं हवीत. आमच्याकडची कापसाची काळी माती ओली झाली की पायडलच्या तोंडापर्यंत भरते. खिडक्या असल्या तर बुटाच्या दाबानं ती खाली पडते, नसल्या तर पिना मातीखाली गाडल्या जातात आणि त्यांचा काही उपयोग राहत नाही. परदेशी परीक्षणं वाचून पायडल मागवणाऱ्यांना ही गोष्ट कधी सुचत नाही.

बूटही तितकाच महत्त्वाचा. पळण्याच्या बुटाचा फेसाचा तळ पिना कुरतडून टाकतात आणि तरीही तो धरत नाही. सपाट, मऊ, सलग रबराचा तळ हवा. पोराकडे तसाच बूट होता. त्याच्या बुटात काही खोट नव्हती.

म्हणून मी आप्पांना म्हटलं, आप्पा, पिनांनी त्यांचं काम केलं. बसा, आत काय आहे ते बघू.

15 च्या पान्यानं एक्सल क्रँकमधून काढला. क्रँकचे आटे शाबूत होते. बॉडी व्हाइसमध्ये धरली, बाहेरच्या टोकाची टोपी उघडली. आत गंजाळलेला काळा चिखल. त्याच्यात एक छोटी बेरिंग, 686, म्हणजे आतून 6, बाहेरून 13 आणि जाडी 5 मिलिमीटर. बोटानं फिरवली तर दगडासारखी घट्ट. क्रँककडच्या बाजूला बेरिंग नव्हती, नायलॉनचा बुश होता, म्हणजे एक्सलवर बसणारी साधी नळी, तो एका बाजूनं झिजून अंडाकृती झालेला. आणि बॉडीला एक्सलवर धरून ठेवणारा नट टोपीत सुटा पडलेला.

पायडल ऑनलाइन मागवलेलं होतं. 'सीएनसी अलॉय, सील्ड बेरिंग' असं लिहून विकलेलं, रंग झगझगीत, पिना टोकदार, वजन हलकं. एका बाजूला बुश असणं ही फसवणूक नाही. चांगल्या महागड्या पायडलमध्येही बुश आणि बेरिंगची जोडी असते, त्यामुळे बॉडी पातळ करता येते. पण सील म्हणून जे काही होतं ते पातळ रबराची एक चकती, आणि तिची कड आधीच उचकटलेली. पोरगा सायकल शेतावर धुतो. बोअरच्या पाइपचं पूर्ण प्रेशर, जवळून, थेट पायडलवर आणि चाकाच्या मधल्या हबवर. आमच्या भागात सगळे असंच धुतात. पाणी मातीसकट आत जातं आणि ग्रीस बाहेर येतं. त्यात मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, तेव्हा फॅक्टरीतून आलेलं पातळ ग्रीस आधीच तेल सोडून बसलेलं असतं.

आतापर्यंत आप्पा गप्प होते. त्यांनी माझ्या हातातून एक्सल घेतला, उजेडात धरला आणि जिथे बेरिंग बसते तिथे नख फिरवलं. तिथे चकचकीत चरा होता, अंगठीसारखा गोल. ते म्हणाले, "मझारनी रिंग शाफ्टवर फिरनी." म्हणजे आतली रिंग शाफ्टवर फिरली. जाम झालेल्या मोटरीत त्यांनी हे शेकडो वेळा पाहिलंय. बेरिंगच्या गोळ्या फिरेनाशा झाल्या की आतली रिंग शाफ्टवरच फिरायला लागते आणि शाफ्ट खाते. मग त्यांनी विचारलं, डाव्याचा नट का नाही सुटला?

मी डावं उघडलं. आत तोच चिखल, तीच बेरिंग, तीही जवळजवळ जाम. नट मात्र इतका घट्ट की पाना लावून जोर लावावा लागला.

यावर आम्ही दोघं बराच वेळ बोलत बसलो, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना. उजवं पायडल बाहेरून बघा. सायकल पुढे चालवताना क्रँक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो, पण पाय आडवाच राहतो, म्हणून एक्सलच्या मानानं बॉडी उलट्या दिशेनं फिरत असते. बेरिंग मोकळी असेल तर नटाला त्याचा पत्ताही लागत नाही. जाम झाली की आतली रिंग बॉडीबरोबर फिरते आणि नटाला घासत उलटा ओढते. साधे आटे असलेला नट उलटा फिरला की सुटतो. डाव्या बाजूला सगळं आरशासारखं, तिथे तोच ओढा नटाला आवळतो. म्हणजे एकाच पायडल जोडीत, एकाच चिखलात, एक नट सुटत गेला आणि दुसरा आवळत गेला. क्रँकला बसणाऱ्या बाजूला आटे आपोआप सुटू नयेत म्हणून डाव्याचे आटे उलटे असतात हे प्रत्येक सायकलवाल्याला माहीत आहे. (तिथला ओढा मात्र वेगळ्या दिशेचा असतो, एक्सल भोकात भाराखाली लोळतो, तो बेरिंगच्या घर्षणापेक्षा जास्त जोर करतो.) आतल्या नटाकडे मात्र कुणी बघत नाही. या कंपनीनं दोन्ही बाजूंना एकच सरळ आट्याचा साधा नट लावलेला, ना नटाला सुटू न देणारी नायलॉनची कॉलर, ना दुसरा लॉकनट.

आप्पा म्हणाले, "वरना काटा समदा देखतस. मझार कोन्ही देखस नही."

त्यांचा राग माझ्याकडून त्या पायडलकडे वळला, याचं मला बरं वाटलं. पण त्यांचा पहिला प्रश्न तसाच राहिला होता आणि तोच मला छळतो. पिना नसत्या तर? खरं सांगायचं तर गुळगुळीत पायडलवरून पाय आधी घसरला असता आणि सैल बॉडीला बाहेर ओढायला काही उरलं नसतं. पोटरी फाटली नसती, कदाचित नडगी फुटली असती. पकड जितकी चांगली, तितका पायाचा आडवा जोर बॉडीवर आणि बॉडीमार्फत त्या छोट्या नटावर येतो. जाहिरातवाले नुसती पकड विकतात आणि तो जोर झेलायला आत दहा-पंधरा रुपयांचा नट लावतात. विक्रेत्यानं पैसे परत द्यायला नकार दिला. उघडलेला माल घेत नाही म्हणे. उघडल्याशिवाय दोष दिसणार कसा, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

नवीन पायडल निवडताना आप्पा सोबत बसले. मी त्यांना तीन प्रकार दाखवले. शिमानोची ॲल्युमिनियमची, जिच्यात आजही कप, कोन आणि सुटे छर्रे असतात. छर्रे बदलता येतात, कोन ढिला-घट्ट करता येतो, आणि आमच्यासारख्या गावात दुरुस्तीला तेच सोयीचं. दुसरी चांगल्या सील्ड बेरिंगची पातळ ॲल्युमिनियमची, पण तिची किंमत पोराच्या सायकलीला शोभणारी नव्हती. तिसरी नायलॉनची बॉडी, क्रोमोलीचा (मजबूत मिश्र पोलादाचा) एक्सल, स्टीलच्या आरपार पिना. नायलॉन ऐकून आप्पांचं तोंड वाकडं झालं. पण हे नायलॉन म्हणजे फॅक्टरीतून येणारं स्वस्त प्लॅस्टिक नव्हे. खडकावर आपटलं की ॲल्युमिनियमला खाच पडते आणि ते तिथे अडकतं. नायलॉन घसरून पुढे जातं. किंमत चार हजारांच्या आत. पोराला फोन लावला, त्यानं तेच घ्या म्हटलं.

बसवण्याआधी मी दोन्हींच्या टोप्या उघडल्या. नटाला नायलॉनची कॉलर होती, ही माझी पहिली अट. कंपनीचं ग्रीस पुसून काढलं, एपी थ्री नावाचं ग्रीस भरलं, सीलच्या कडेलाही एक फेरा दिला. पिनांना निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे सुटू न देणारा डिंक. क्रँकच्या आट्यांना ग्रीस लावून टॉर्क पान्यानं (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानं) 40 न्यूटन-मीटर; शिमानो 35 ते 55 सांगते, आमच्याकडे बहुतेक दुकानांत मात्र पान्यावर पाय देऊन आवळतात आणि पुढच्या वेळी क्रँकचे आटेच बाहेर येतात. शेवटी आप्पांनी त्यांच्या दुकानातून पांढरा रंग आणला. मोटरीच्या नटांवर ते लावतात तशी एक बारीक रेघ एक्सलच्या टोकावरून नटावर ओढली, दोन्ही बाजूंना. रेघ तुटली की नट हलला असं समजायचं. पाइपनं धुवायचं नाही, बादली आणि फडकं, ही ताकीद त्यांनी पोराला माझ्यासमोर फोनवर दिली, आणि ती मी दिली असती त्याहून कडक होती.

दसऱ्यानंतर पोरगा सायकल घेऊन आला. पाय बरा आहे, तोरणमाळला पुन्हा जातो. पिना मस्त धरतात म्हणाला. मी टोप्या उघडल्या. ग्रीस स्वच्छ, दोन्ही बेरिंग बोटानं लोण्यासारख्या फिरतात, बुश घट्ट. डावीकडची रेघ जशीच्या तशी. उजवीकडची रेघ नटाजवळ केसभर सरकलेली आहे, सुटण्याच्या दिशेनं.

बेरिंग मोकळी असताना नट का हलला, हे मला अजून उमगलेलं नाही. नायलॉनची कॉलर पहिल्या काही दिवसांत बसते, तेवढाच फरक असेल. किंवा मोकळ्या बेरिंगचाही थोडा ओढा असतोच आणि हजारो फेऱ्यांत तो साचतो. आप्पांचं मत दुसरं आहे, ते म्हणतात बेरिंग आणि नटाच्या मध्ये एक जीभ असलेला वॉशर हवा, एक्सलला खाच पाडून, म्हणजे रिंगचा ओढा नटापर्यंत पोचणारच नाही. जुन्या सायकलींच्या हेडसेटमध्ये, म्हणजे हँडल जिथे फिरतं तिथे, तसा वॉशर असतो. एक्सलच्या टोकाला खाच पाडणं मला पटत नाही, तिथेच धातू सगळ्यात बारीक आहे. तूर्त नट पुन्हा आवळून नवी रेघ मारली आहे आणि पोराला सांगितलंय, दर महिन्याला दाखवायला यायचं. कुणी स्वतः उघडून पाहिलं असेल, विशेषतः उजवं पायडल, तर काय दिसलं ते मला हवंय.