'ब्लूम'मधली लॅप स्टील : कुठवर आलंय

सध्या बाकी सगळं बाजूला ठेवून लार्किन पो या अमेरिकन बँडच्या 'ब्लूम'लाच धरून बसलोय, त्यातली लॅप स्टील (आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची गिटार) शिकतोय. हा अल्बम २४ जानेवारी २०२५ ला आला. रिबेका आणि मेगन लव्हेल या दोघी सख्ख्या बहिणी; जॉर्जियात वाढलेल्या, आता नॅशव्हिलला असतात. आधी तिघी बहिणी मिळून ब्लूग्रास (अमेरिकन लोकसंगीताचा एक प्रकार) वाजवायच्या. ते पथक थांबल्यावर २०१० मध्ये या दोघींनी लार्किन पो सुरू केलं. 'ब्लूम'च्या आधीच्या 'ब्लड हार्मनी'ला २०२४ मध्ये समकालीन ब्लूजचं ग्रॅमी मिळालं. तो अल्बम जोरकस होताच, पण मला 'ब्लूम' जास्त आवडला. यात गाणं पुढे आहे आणि मेगनची स्टील त्याच्या अंगाने चालते.

आपल्यासारख्या स्टीलवाल्यांनी मेगनकडे कान लावायचा तो इथेच. ती वेगासाठी वाजवत नाही. रिबेकाची ओळ संपते तिथे ती सूर उचलते आणि गाण्याच्याच श्वासात उत्तर देते. मांडीवर ठेवायचं वाद्य ती पट्ट्याने कमरेशी अडकवून, उभं राहून वाजवते आणि शिवाय वरच्या सुरात गातेही. मी नुसतं बसून वाजवतो, तरी दोन्ही एकदम जमत नाही!

आता हाताचं. मेगन डोब्रोवरून (तशीच आडवी वाजवायची, धातूच्या तबकडीने आवाज वाढवणारी गिटार) आली, त्यामुळे ट्युनिंग ओपन जी, हाय बास, म्हणजे मोकळ्या ताराच जी कॉर्ड देतात आणि जाड तारा नेहमीपेक्षा चढ्या असतात : जाड तारेकडून जी, बी, डी, जी, बी, डी. माझी घरातली जुनी हवाईन गिटार याच ट्युनिंगला लावली आहे. कुणी साधी गिटार वापरणार असेल तर एक सांगतो. सहावी तार ई वरून जी पर्यंत आणि पाचवी ए वरून बी पर्यंत चढवावी लागते. नेहमीच्या तारांवर तो ताण टाकू नका. या दोन तारा बारीक घ्या. तारा उचलायला नटवर (गळ्याच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर) बसणारी धातूची पट्टी मिळते, ती लावा.

सगळ्यात जास्त वेळ एका गंधारावर जातोय. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी असतो. ई मध्ये (ई हा सा धरून) वाजवताना दुसऱ्या तारेवर आठव्या फ्रेटला (गळ्यावरच्या आडव्या रेघेला) कोमल, नवव्याला शुद्ध. मेगन बार आठव्याच्या जरा पुढे नेते, तिथे क्षणभर थांबते आणि मग चढते किंवा तशीच सोडून देते. हे थांबणंच अवघड आहे. आपल्या कानाला मींड ओळखीची, म्हणून हात थेट शुद्धावर जाऊन टेकतो. तंबोऱ्याच्या अॅपवर ई लावून फक्त ही एक जागा घोळवत राहिलो, तेव्हा आत्ता कुठे ती हाताखाली आली आहे.

बाराव्या फ्रेटच्या वर मात्र सूर अजून डळमळतो. तिथे फ्रेट जवळजवळ, बार किंचित तिरका झाला की दोन तारा एकमेकींशी भांडायला लागतात. बार फ्रेटच्या अगदी वर धरायचा, दोन फ्रेटच्या मध्ये नाही, हे नव्यांनी पहिल्या दिवसापासून अंगी बाणवा. आणि बारच्या मागची बोटं तारांवर हलकी टेकलेली ठेवा. ती उचलली की नको ते सूर घुमतात आणि स्वच्छ वाक्य गढूळ होतं.

कंप आधी फार जलद व्हायचा. आता सूर सरळ लावतो, ऐकतो, मग हलवतो. तेवढ्यानेच आवाजात गाणं आलं.

पुढचं काम 'ब्लूम अगेन'. संथ आहे, दोघींचे आवाज अगदी लगटून चालतात. रिबेकाची ओळ रेकॉर्ड करून घेतली आहे. तिच्यावर मेगनचा वरचा आवाज स्टीलवर बसवायचा, पहिल्या आणि दुसऱ्या तारेत. पहिला अंतरा सुरात वाटला की रेकॉर्डिंग टाकतो. तोवर कुणाकडे पितळी आणि स्टेनलेस दोन्ही बार असतील, तर आवाजातला फरक जरूर लिहा.