दोन नंबरची सीडी चांगलीच होती

घरचा जुना विंडोज एक्सपीवाला संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर 'एनटीएलडीआर इज मिसिंग' एवढंच यायचं. चूक माझीच. सी ड्राइव्हवर साफसफाई करताना लपवलेल्या फाइली उघड केल्या आणि एनटीएलडीआर नावाची फाइल बिनकामाची समजून उडवली. विंडोज सुरू करून देणारी फाइल हीच, हे नंतर कळलं.

आता विंडोजशिवाय यंत्र सुरू करून ती फाइल परत ठेवायची होती. पेनड्राइव्हवरून बूट, म्हणजे सुरू, होण्याइतकं हे यंत्र नवं नाही, म्हणून सीडी. दुसऱ्या संगणकावर लिनक्सची लाइव्ह आयएसओ उतरवली, म्हणजे इन्स्टॉल न करता सीडीवरूनच चालणाऱ्या लिनक्सची अख्खी सीडी एका फाइलीत. ती ३२ बिटचीच घ्या. ६४ बिटची जुन्या प्रोसेसरवर सुरूच होत नाही. आणि सीडीच्या ७०० एमबीत बसणारी. माझा ड्राइव्ह डीव्हीडी वाचत नाही.

पहिली सीडी मी वाया घालवली. आयएसओ नेहमीच्या फाइलीसारखी ओढून सीडीवर टाकली. सीडी उघडून आत एकच आयएसओ फाइल दिसली, तर समजा तुम्हीही तेच केलंत. विंडोज ७ पासून फाइलवर राइट क्लिक केलं की 'बर्न डिस्क इमेज' मिळतं, ते वापरायचं. मग सीडीत बरेच फोल्डर दिसतात.

दुसरी सीडी अशी नीट बनवली. तरी पडद्यावर तेच रडगाणं. तिच्यावर लाल मार्करने फुली मारली. तिसरी सगळ्यात कमी वेगाने लिहिली, शेवटी 'व्हेरिफाय'वर टिकही केली. तेच. तिसरीवरही फुली. मग आयएसओच खराब उतरली असेल म्हणून ती पुन्हा उतरवली, चेकसम (फाइल अचूक उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवला, चौथी सीडी बनवली. तीन संध्याकाळी गेल्या. बायोसमध्ये, म्हणजे यंत्राने आधी कुठून सुरू व्हायचं हे जिथे ठरतं तिथे, सीडी पहिली लावली आहे का, हे एकदाही पुन्हा पाहिलं नाही. पहिल्या दिवशी डिलीट दाबून आत जाऊन मीच लावली होती ना!

चौथीही चालेना, तेव्हा वैतागून हात बाजूला घेतले आणि पडदा नुसता वाचला. सुरू होताच दोन ओळी येत होत्या: 'सीएमओएस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड' आणि खाली 'एफ१ दाबा'. वर्षभर मी न वाचता एफ१ दाबत होतो. म्हणजे बायोसच्या जतन केलेल्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या. त्या राखणारा मदरबोर्डवरचा सेल मेलेला. भिंतीवरचं बटण बंद केलं की बायोस सगळं विसरायचा: तारीख, वेळ आणि माझी ती सीडीसुद्धा. क्रम परत फ्लॉपी, हार्डडिस्क, मग सीडी. यंत्र रोज इंग्रजीत सांगत होतं आणि मी सीड्यांना शिव्या देत होतो.

सीआर२०३२ सेल बदलला. तो काढताना प्लग काढून ठेवा, आणि अधिकची खूण असलेली बाजू वर. क्रम परत लावला, एफ१० दाबून जतन केला, आणि लिनक्सचा डेस्कटॉप समोर! आधी सगळे फोटो बाहेरच्या डिस्कवर घेतले, दुरुस्ती त्यानंतरच. एक्सपीच्या मूळ सीडीतल्या आय३८६ फोल्डरमधून एनटीएलडीआर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली होती, ती थेट सी ड्राइव्हवर, कुठल्याही फोल्डरबाहेर ठेवली. दोन मिनिटांचं काम.

हो, बायोसमध्ये यूएसबी कीबोर्ड दाद देत नसेल तर गोल पिनवाला जुना जोडा. माझा तोच होता, म्हणून निदान तेवढ्यावर अडलो नाही.

रात्री राहवेना म्हणून फुल्या मारलेल्या दोन्ही सीड्या घालून पाहिल्या. दोन्ही पहिल्या फटक्यात बूट झाल्या.