त्रुटी सापडली, तर आधी कोणाला सांगायचे?

आज नागपुरातील परसोडीच्या आयटी पार्कमध्ये आमच्या एका नव्या सहकाऱ्याला एका ओपन सोर्स लायब्ररीत (इतर प्रोग्रॅममध्ये वापरायच्या, सर्वांना खुल्या असलेल्या तयार कोडमध्ये) गंभीर त्रुटी सापडली. फाइलच्या नावाआधी दोन टिंबे आणि तिरपी रेघ घातली की सर्व्हरवरची भलतीच फाइल वाचता येत होती. तो उत्साहाने सार्वजनिक इश्यू, म्हणजे प्रकल्पाच्या पानावर सर्वांना दिसणारी नोंद, उघडणार होता. मी त्याला आधी प्रकल्पाचे सुरक्षा धोरण वाचायला सांगितले. दुरुस्ती तयार होण्यापूर्वी असा तपशील उघड झाला, तर ती लायब्ररी वापरणारा प्रत्येक जण धोक्यात येतो, म्हणून तो देखभाल करणाऱ्यांना खासगीतच कळवायचा असतो.

मार्च २०२४ मध्ये सॉफ्टवेअर अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांनी एसएसएच (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडण्याची पद्धत) लॉगिनमधील जेमतेम अर्ध्या सेकंदाच्या विलंबाचा छडा लावला आणि फाइलींचा आकार कमी करणाऱ्या एक्सझेड युटिल्स या ओपन सोर्स साधनातील बॅकडोअर, म्हणजे छुपा चोरदरवाजा, उजेडात आणले. त्यांनीही ते जाहीर करण्यापूर्वी डेबियन या लिनक्स प्रणालीच्या सुरक्षा चमूला कळवले होते. मला त्या चिकाटीइतकाच हा संयमही मोलाचा वाटतो.

संध्याकाळपर्यंत सहकाऱ्याने बाधित आवृत्ती, त्रुटी पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या आणि संभाव्य परिणाम नेटकेपणाने लिहून पाठवले. सोबत पॅच (दुरुस्तीचा कोड) आणि चाचणीही जोडली, कारण तो प्रकल्प एकच व्यक्ती नोकरी सांभाळून, विनामोबदला चालवते.