सतराला हजर कोण म्हणालं?

मुलांना घेऊन डोंगरात जायला लागून बरीच वर्षं झाली आता, नियमांचा कागद दर वेळी थोडा लांबतो आणि दर वेळी एखादे पालक विचारतातच, अहो एवढं कशाला, मुलं मजा करायला चाललीत ना. मान्य. पण त्या कागदावरच्या बहुतेक ओळींच्या मागे कोणाची ना कोणाची फजिती आहे, त्यातली एक माझी.

२४ मुलं होती. प्रत्येकाला नंबर दिलेला, थांबलो की ओळीने ओरडायचे. एका वळणावर मोजणी झाली, २४ पर्यंत खणखणीत, निघालो. दहाएक मिनिटांनी मागून एक मुलगी म्हणाली, दादा, सतरा दिसत नाहीये. म्हटलं आत्ता तर बोलला की! तर सोळा नंबरवाला बुटाकडे बघत पुटपुटला, मीच बोललो त्याच्या वतीने, तो म्हणाला लेस बांधून आलोच. पोटात गोळा आला माझ्या. पळत मागे गेलो तर हा पठ्ठ्या दगडावर बसून होता, लेस कधीच बांधून झालेली, पण चुकलो तर जागचं हलायचं नाही असं सकाळी सांगितलेलं ना, म्हणून हललाच नाही. म्हणजे मुलाने नियम पाळला आणि मी नुसता आवाज मोजला.

तेव्हापासून नंबर ओरडणं बंद, चेहरा बघून मोजायचं, तेही दोघांनी वेगवेगळं, आणि आकडा जुळल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. सगळ्यात शेवटी एक मोठा माणूस, त्याच्या मागे कोणी राहायचं नाही, लघवीला जायचं असलं तरी त्याला सांगून आणि जोडीदार घेऊन. सगळ्यात हळू चालणारं मूल पुढे. जोरात चालणारी मुलं कुरकुरतात, कुरकुरू देत, पण मागे पडणारं मूल धापा टाकत पोचतं तोवर बाकीच्यांची विश्रांती संपलेली असते आणि त्याला बसायलाच मिळत नाही, हे मला फार उशिरा दिसलं.

शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात, बॅगेत नाही. मदत मागायची, आल्प्समधून आलेली जुनी खूण आहे, मिनिटात ६ वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबून परत, आणि ऐकणाऱ्याने ३ वेळा वाजवून उत्तर द्यायचं. गंमत म्हणून वाजवली तर शिट्टी जप्त.

विजेचं गणित मुलांना आवडतं. वीज चमकली की आकडे मोजायचे, गडगडाट ३० सेकंदांच्या आत आला तर ती साधारण १० किलोमीटरच्या आत आहे, कारण आवाजाला एका किलोमीटरला ३ सेकंद लागतात. मग लगेच पक्क्या इमारतीत नाहीतर बंद गाडीत जायचं, झाडाखाली अजिबात नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. सोळाव्या मिनिटालाच ऊन पडलं म्हणून निघूया का, असं विचारणारे मोठेच असतात हं, मुलं नाही.

पाण्याचं एकच सांगतो, बुडणारं माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही, हात पण हलवत नाही, श्वास घेण्यातच सगळी ताकद जाते. म्हणून काठावरच्या मोठ्या माणसाचं काम फक्त बघणं, फोन खिशात.

राहिला तो अवघड नियम. कोणताही मोठा माणूस एका मुलासोबत आडोशाला, तंबूत, गाडीत एकटा नसेल, मी सुद्धा नाही. लागलं-खुपलं, रडू आलं तरी बोलायचं सगळ्यांना दिसेल अशा जागी, फार तर थोडं बाजूला. आमच्यातलेच एक जण दुखावले, म्हणाले माझ्यावर विश्वास नाही का. आहे हो, पण विश्वास बघून नियम लावायचा म्हटलं तर कोणाला लावायचा नाही हे ठरवणार कोण? ते वर्षभर आले नाहीत. आता येतात, आणि तंबूबाहेर उभं राहून दुसऱ्याला हाक मारतात.